पाण्याची वाट हाताशी हवी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘फिरतं घर’ हा विषय कळवला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो पाण्याचा. चाकांवरच्या घरात निजायला पलंग असतो, गॅसची शेगडी असते, लहानसं न्हाणीघरही असतं. त्या न्हाणीघरातल्या नळाला पाणी कुठून येतं? ते साठतं कुठे, त्याला ढकलतं कोण, आणि रानात मुक्काम पडला तर ते पुरतं कसं?

अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टन नावाच्या उपनगरात माझा मामेभाऊ राहतो. मोटारींच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात मराठी इंजिनीअर बरेच आहेत. दादा त्यांतलाच एक. त्याने १९९३ सालचा एक जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला होता आणि उन्हाळा तोंडावर आलेला असताना त्याची पिण्याच्या पाण्याची सगळी लाइन बदलायला काढली होती. हाताशी वहिनीचे वडील अप्पा होते. अप्पा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं सांगली जिल्ह्यातल्या नळपाणी योजनांवर गेलेली. लेकीकडे उन्हाळ्यापुरते आले होते आणि आल्या आल्या जावयाच्या ट्रेलरखाली शिरले होते.

मी पोचले तेव्हा ट्रेलर दारातच उभा होता. आतल्या गाद्या अंगणात वाळत टाकलेल्या, बाकांच्या फळ्या उचकटून भिंतीला टेकवलेल्या. जेवणाच्या बाकाखाली पांढरी प्लॅस्टिकची टाकी, तिच्याशेजारी मुठीत मावेल एवढा पंप आणि त्यातून निघून कपाटांच्या मागे नाहीसे होणारे करड्या रंगाचे पाइप. पंपापाशी जमिनीच्या प्लायवूडवर ताटाएवढा काळा डाग होता. अप्पांनी त्यावर अंगठा दाबला, तो अर्धा पेर आत गेला.

“हे काय आजचं नाही,” अप्पा म्हणाले. “वर्षानुवर्षं थेंब थेंब गळतंय. पण दिसणार कसं? वर बाक, बाकावर गादी, गादीवर आपण.”

दोन दारांनी येणारं पाणी

शहरातल्या घरात पाणी एका वाटेने येतं. ट्रेलरमध्ये ते दोन वाटांनी येतं, आणि ही मांडणी समजली की पुढचं सगळं समजतं.

पहिली वाट टाकीची. रानात, जिथे नळ नाही तिथे, टाकीतलं पाणी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप उचलतो. दुसरी वाट बाहेरच्या जोडणीची. सोयी असलेल्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेपाशी नळ असतो. त्याला पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज लावायचा, दुसरं टोक ट्रेलरच्या कुशीतल्या तोंडाला जोडायचं. मग पंप बंद आणि टाकीलाही सुट्टी. दोन्ही वाटा आत एका ‘टी’मध्ये मिळतात आणि तिथून गार पाण्याची लाइन निघते. तिचा एक फाटा गॅसवरच्या हीटरकडे जातो आणि गरम होऊन पुन्हा नळांकडे येतो.

दोन वाटा एकत्र आल्या की पाणी उलटं जाण्याचा धोका आलाच. म्हणून दोन्ही वाटांवर एकाच दिशेने उघडणारा झडपेचा जोड लागतो. अप्पा त्याला एनआरव्ही म्हणतात; आपल्याकडचा प्रत्येक प्लंबर तेच म्हणतो. दादाची जुनी तक्रार अशी होती, की बाहेरचा होज लावला की टाकी आपोआप भरायची आणि मग ट्रेलरखाली पाणी सांडायचं. अप्पांनी पुठ्ठ्यावर एकेरी रेघांनी सगळी लाइन काढली, पंपाच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “जावईबापू, पंपातली झडप बसत नाही नीट. बाहेरचं पाणी उलट्या वाटेने टाकीत चाललंय.” पंप उघडला, तर झडपेत प्लॅस्टिकचा एक बारीक छिलका अडकलेला. टाकीला भोक पाडताना कधीतरी आत पडलेला असणार. पंपाच्या तोंडाशी गाळणी असती तर तो तिथेच थांबला असता. ती बसवलेलीच नव्हती.

टाकी तीस गॅलनची, म्हणजे साधारण ११३ लिटरची. भरली की तेवढेच किलो वजन गाडीमागे ओढायचं. हे वजन चाकांच्या पुढे पडतं की मागे, याला फार महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर असावा लागतो. मागचं पारडं जड झालं, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतो. म्हणून मोठी टाकी बसवायचा विचार दादाने मोजमाप करून सोडून दिला. जागा होती, पण ती अगदी मागे, पलंगाखाली होती.

पंपाच्या ताकदीचंही असंच. त्याच्यावर ५५ पीएसआय असं लिहिलेलं असतं. अप्पांनी लगेच आपल्या भाषेत हिशेब केला: पावणेचार किलोच्या वर, म्हणजे अडतीस मीटर हेड. बारा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असावी आणि तळमजल्याच्या नळाला जो जोर मिळावा, तेवढा हा पंप देतो. त्याचं कामही सोपं आहे. आत रबरी पडदे असतात, मोटर फिरली की ते पुढे-मागे हलतात आणि पाणी ओढून पुढे लोटतात. नळ बंद केला की लाइनमधला दाब चढतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की स्विच तुटतो आणि पंप थांबतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो.

करडा पाइप

तो करडा पाइप पॉलिब्युटिलीनचा होता. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात लाखो घरांत आणि ट्रेलरांत हा पाइप बसवला गेला. तांब्यापेक्षा स्वस्त, हाताने वाकणारा, बसवायला सोपा. गोठला तरी लगेच फुटायचा नाही, म्हणून थंड प्रदेशात तर जास्तच आवडता. पण पुरवठ्याच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेल्या क्लोरिनशी त्याचं जमलं नाही. वर्षं गेली तसे पाइप आणि विशेषतः त्यांचे प्लॅस्टिकचे जोड आतून ठिसूळ होत गेले. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस जोडाला चीर जाते आणि घरात पाणी. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये उत्पादक कंपन्यांना भरपाईपोटी किमान ९५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्या सुमारास हा पाइप बाजारातून उठला.

दादाच्या ट्रेलरमधला एक जोड अप्पांनी कापून हातात घेतला. बाहेरून तो धड होता. आतल्या कडेला खडूसारखी पांढरी भुकटी सुटत होती, आणि पकडीत धरून जरा आवळला तर तुकडा पडला.

पाइप आणि पाणी यांची सोयरीक जुळते की नाही, हा प्रश्न मिशिगनमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कॅन्टनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर फ्लिंट शहर आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या शहराने खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. गंज रोखणारं रसायन त्यात घातलं गेलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि मुलांच्या रक्तात सापडलं. पाणी शुद्ध करून सोडलं की काम संपलं असं होत नाही. ज्या नळीतून ते जातं, तीही पाण्याइतकीच तपासावी लागते. अमेरिकेच्या कायद्याने ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या नळ-जोडांत शिशाचं सरासरी प्रमाण पाव टक्क्याच्या आत आणलं आहे. दादाने पितळी जोड घेतले ते हा शिक्का बघूनच. होजही पांढरा, पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेला. बागेला पाणी घालायचा हिरवा होज ट्रेलरला लावणारे पुष्कळ दिसतात. उन्हात तापलेल्या त्या होजमधलं पाणी चाखून बघितलं, तर पुन्हा कुणी लावणार नाही.

भिंत नंतर उभी राहते

पाइप असा कोंडून का ठेवतात, हे समजून घ्यायला आम्ही इंडियानातल्या एल्खार्टला गेलो. कॅन्टनहून नैर्ऋत्येला तीनेक तासांचा रस्ता. अमेरिकेतल्या फिरत्या घरांपैकी बहुतांश घरं या एका परगण्यात आणि आसपास तयार होतात. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा एक छोटा लाकडी ट्रेलर आहे. त्यात नळ नाही, टाकी नाही. प्रवासी पाणी भांड्यात भरून घेत. नंतरच्या दालनांमध्ये हातपंप दिसतात, मग सिंक, मग शॉवर. ट्रेलर जसजसा घरासारखा होत गेला, तसतशी त्याच्या पोटातली नळी लांबत गेली.

कारखान्यात ट्रेलर आतून बाहेर बांधला जातो. लोखंडी सांगाड्यावर आधी जमीन, जमिनीवर पाइप अंथरलेले, मग संडासाचं आणि न्हाणीचं सामान, मग कपाटं आणि शेवटी भिंती आणि छत. पाइप टाकणाऱ्यासमोर मोकळं मैदान असतं. त्याचं काम झपाट्याने आणि नीटही होतं, पण त्याच्यामागून येणारा सुतार त्यावर कपाट ठोकतो आणि तिसरा माणूस भिंत उभी करतो. तीन माणसांपैकी कुणाचीच चूक नसते. वीस वर्षांनी तो जोड गळायला लागतो, तेव्हा तिथवर हात न्यायला कपाट तोडावं लागतं, एवढंच.

या परिसरात कारखान्यांचा उरलेला माल विकणारी दुकानं आहेत. नळ, झाकणं, टाकीची तोंडं, स्क्रूंचे डबे, सगळं रॅकवर लावलेलं. मोटार न बाळगणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे पुष्कळ लोक या कारखान्यांत काम करतात. घोडागाडी बाहेर बांधून आत चाकांवरच्या घरांचं सामान निवडणारी माणसं मी तिथे पाहिली. अप्पा त्या दुकानात रमले. प्रत्येक जोडाचे आटे नखाने तपासत ते एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात होते. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी दादाला एकच नियम सांगितला:

“जोड तिथेच, जिथे हात पोचतो. मधे नुसता अखंड पाइप.”

पुढचं सगळं काम या नियमाने झालं.

तांब्याची कडी

नवा पाइप पेक्सचा. पॉलिइथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून केलेलं हे प्लॅस्टिक. ते तापलेलं पाणी सोसतं, सहज वाकतं आणि फुटाला एक डॉलरही पडत नाही. लाल गरमसाठी, निळा गारसाठी. हे रंग फक्त ओळख पटावी म्हणून, पाइप एकच. त्याला ऊन सोसत नाही, उंदीर त्याला कुरतडतात, पण ट्रेलरच्या पोटात त्याच्याइतका सोयीचा दुसरा पाइप नाही.

जुनी लाइन एका पाइपातून टी काढत काढत सगळ्या ट्रेलरभर फिरली होती. नव्या मांडणीत पंपाशेजारी बाकाखाली दोन हेडर बसवले, एक गारचा आणि एक गरमचा. प्रत्येक नळाला हेडरपासून स्वतंत्र पाइप आणि त्याच्या मुळाशी छोटा व्हॉल्व्ह. पाइप थोडा जास्त लागला. पण कपाटामागे आता एकही जोड नाही. शॉवर गळला तर शॉवरचा व्हॉल्व्ह बंद. स्वयंपाकाचं पाणी चालू.

जोड बसवायचं काम मी जवळून पाहिलं. आधी कातरीने पाइप कापायचा. काप अगदी काटकोनात हवा. तिरका काप म्हणजे पुढे गळती. मग तांब्याची काळी कडी पाइपवर सरकवायची. पितळी जोडाचं खाचा असलेलं टोक पाइपात पूर्ण आत घालायचं. आता कडी मागे आणायची, पण काठावर नाही. पाइपच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर सोडून. अप्पा ते अंतर डोळ्याने मोजत नव्हते. नखाची कड लावून बघत होते. मग लांब दांड्यांची पकड कडीवर सरळ धरायची आणि दोन्ही हातांनी एका दमात मिटवायची. पकड उघडली की कडीवर एकसारखा दाब दिसतो.

काम इथे संपत नाही. पत्र्याचं एक माप येतं, त्याला दोन खाचा. पहिली खाच कडीवर बसायलाच हवी, दुसरी बसता कामा नये. पहिली बसली नाही तर कडी सैल, दुसरी बसली तर जास्त आवळली गेलेली. दोन्ही वेळा कापून पुन्हा करायचं. अप्पा प्रत्येक कडीला हे माप लावत होते. दादाने एकदा म्हटलं, “अप्पा, ही तर झालीच आहे व्यवस्थित.” अप्पांनी माप त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “मग लावून बघायला काय हरकत?”

सांगलीकडच्या लोखंडी पाइपांना सूत आणि सफेदा लावून आटे आवळायची सवय असलेला माणूस सत्तरीत नवं हत्यार शिकत होता. त्याची नजर जुनीच होती, आणि तीच कामाला येत होती.

पंप ऐकणं

नवा पंप साधारण शंभर डॉलरचा. त्याच्या तोंडाशी आता गाळणी आहे, आणि दोन्ही बाजूंना हातभर मऊ होज. पंप थरथरतो, तो थेट ताठ पाइपाला जोडला तर थरथर भिंतीभर पसरते आणि रात्री कुणी नळ उघडला की सगळे जागे होतात. मऊ होज ती थरथर पितो. पंपाच्या पुढे एक छोटी हवेची टाकी बसवली आहे. तिच्यात रबरी पिशवी आणि पिशवीमागे दाबलेली हवा. पेलाभर पाणी घ्यायला आता पंप सुरू व्हावा लागत नाही. हवाच पाणी पुढे ढकलते. पंपाच्या स्विचचं आयुष्यही त्यामुळे वाढतं.

बाहेरच्या नळासाठी पितळी प्रेशर रेग्युलेटर घेतला. कॅम्पग्राउंडवरचा दाब कुठे पुरेसा नसतो, तर कुठे ८० ते १०० पीएसआय असतो. ट्रेलरच्या जोडांना ४० ते ५० पुष्कळ झाला. रेग्युलेटर होजच्या नळाकडच्या टोकाला लावायचा, म्हणजे होजही सुरक्षित राहतो.

मग परीक्षा. टाकी भरली, सगळे नळ उघडले, पंप चालू केला. आधी नळांतून खोकल्यासारखी हवा आणि मग अखंड धार. एकेक करत नळ बंद केले. पंप घुरघुरत थांबला. वहिनीने टिश्यू पेपरचे कोरडे तुकडे प्रत्येक जोडाभोवती गुंडाळून ठेवले. थेंब फुटला तर डोळ्याला दिसायच्या आधी कागद ओला होतो. आणि मग सगळे गप्प बसलो. नळ बंद असताना पंप मधूनच टुक् करून सुरू झाला, तर कुठेतरी दाब उतरतोय, म्हणजे कुठेतरी गळतंय. ट्रेलरमधल्या माणसाला गळती आधी कानाने कळते. अप्पांनी घड्याळ लावलं. चहा झाला, वहिनीने केलेले कांदेपोहे झाले, पंप बोलला नाही. कागद कोरडे होते.

पाणी पिण्याजोगं करायचं काम बाकी होतं. नवी लाइन असो की हिवाळाभर बंद ठेवलेली, आधी क्लोरिनने धुवायची. पंधरा गॅलन टाकीला साधा, वास न घातलेला पाव कप ब्लीच, असं प्रमाण. तीस गॅलनला अर्धा कप, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आत. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी भरायची, प्रत्येक नळाला, गरम आणि गार दोन्हीकडे, ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सगळं सोडून देऊन वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवायचं. गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून घेण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. अप्पांनीच बादली उचलली.

माणशी चौदा लिटर

उत्तर मिशिगनमध्ये राज्याच्या जंगलांत साधी कॅम्पग्राउंड आहेत. तिथे वीज नाही, जोडणीचा नळ नाही. झाडीत जागा आखलेल्या, कोरडे संडास आणि मधोमध हापसा. होय, आपल्या गावात असतो तसा हातपंप. त्याला होज लागत नाही. कॅनमध्ये पाणी भरून आणायचं आणि टाकीच्या तोंडातून ओतायचं. त्यामुळे लोक वाटेतच टाकी भरून घेतात.

ट्रेलरचा मुक्काम अशाच ठिकाणी होता: चार माणसं, दोन दिवस, ११३ लिटर. हिशेब केला तर माणशी दिवसाला चौदा लिटर. अप्पांनी हा आकडा ऐकला आणि क्षणभर थांबले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे मानक धरलं आहे. त्याआधी ४० लिटर होतं. “योजना आखताना आम्ही ४०ने गुणत होतो,” ते म्हणाले. “चौदात राहणं काय असतं, ते टँकरवाल्या गावांना विचारा.”

चौदा लिटरमध्ये राहता येतं, पण प्रत्येक वापर बघावा लागतो. अंघोळ म्हणजे अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण, मग पाणी. दादाने त्यासाठी शॉवरच्या तोंडालाच खटका असलेला नळ घेतला होता. पाणी थांबतं आणि गरम-गारचं जुळवलेलं प्रमाण बिघडत नाही. वहिनी तांदूळ धुतलेल्या पाण्यात खरकट्या ताटांचा पहिला हात फिरवायची. आमटीचं पातेलं आधी कागदाने पुसून घ्यायचं, मग धुवायचं. गरम पाणी यायच्या आधी नळातून जे गार पाणी वाहून जातं, ते भांड्यात धरून चहाला. भाचीने, म्हणजे दादाच्या लेकीने, दात घासताना नळ चालू ठेवला की पंपाची घरघर सगळ्यांना ऐकू जायची आणि ती स्वतःच नळ बंद करायची. घरी कितीही सांगितलं तरी जे होत नाही, ते इथे पंप करून घेत होता. पाणी जाताना ऐकू येत होतं.

टाकीत किती पाणी उरलंय हे दाखवणारे दिवे ट्रेलरमध्ये असतात, पण ते पाव, अर्धं, पाऊण एवढंच सांगतात आणि पुष्कळदा खोटं सांगतात. बाकाची फळी उचलली की टाकीची पांढरट भिंत दिसते आणि तिच्यात पाण्याची रेघ. दादाने तिच्यावर काळ्या पेनाने पाच-पाच गॅलनच्या खुणा केल्या आहेत. रोज सकाळी फळी उचलून वाचायच्या.

गोठण्याआधी

मिशिगनमध्ये पाण्याच्या लाइनचा खरा कस हिवाळ्यात लागतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पेक्सचा पाइप थोडा ताणून सांभाळून घेतो. पितळी जोड, व्हॉल्व्ह, नळ आणि पंपाचं डोकं सांभाळून घेत नाहीत. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत सगळी लाइन रिकामी करून गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रव्य भरायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल, पिण्याच्या लाइनला चालणारं. मोटारीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. ते इथे कधीही घालायचं नाही.

याच कामासाठी नवी लाइन आखताना दोन गोष्टी आधीच ठरवल्या होत्या. एक, सगळ्यांत खालच्या ठिकाणी जमिनीतून बाहेर निघणारे दोन निचऱ्याचे नळ, लाल आणि निळा. ते उघडले की लाइन आपल्या वजनाने रिकामी होते. दुसरी, हीटरला वळसा. हीटर सहा गॅलनचा. तीन व्हॉल्व्ह फिरवून त्याला बाजूला काढलं, तर तेवढं गुलाबी द्रव्य वाचतं आणि दोन-तीन गॅलनमध्ये सगळी लाइन भरते. हीटरच्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकी गंजण्याऐवजी तो स्वतः झिजतो. दादाच्या हीटरमधला दांडा काढला तेव्हा त्याची सुतळीएवढी तार उरली होती. नवा दांडा थोड्याशा डॉलरांत येतो, नवा हीटर कित्येक शेकड्यांत. पण दांडा बदलायला तो आहे हे ठाऊक असायला हवं.

या सगळ्या कामात पाण्याचा जोर वाढला नाही. नळ जुनेच, टाकी तेवढीच. बाहेरून पाहणाऱ्याला ट्रेलरमध्ये काही बदललं आहे हे कळणारही नाही. बदललं ते एवढंच, की प्रत्येक जोडाला हात लावता येतो, प्रत्येक फाटा वेगळा बंद करता येतो, सगळी लाइन रिकामी करता येते आणि घरातल्या चौघांनाही ती कुठून कुठे जाते हे ठाऊक आहे. बाकाच्या फळीच्या आतल्या बाजूला अप्पांचा पुठ्ठ्यावरचा नकाशा चिकटवलेला आहे. माझ्या मते चांगल्या नळकामाची व्याख्या एवढीच आहे.

आपल्या भिंतींमध्ये

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सह्याद्रीत आणि कोकणात अशी घरं फिरू लागली आहेत. ज्यांना असं वाहन घ्यायचं किंवा बांधून घ्यायचं आहे, त्यांनी गाद्या आणि टीव्ही बघण्याआधी बाकाखालची फळी उचलायला सांगावी. टाकी धुता येईल एवढं तिचं तोंड आहे का, पंपापुढे गाळणी आहे का, निचऱ्याचा नळ कुठे आहे, कपाटामागे जोड किती आहेत, हे चार प्रश्न विचारावेत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण ते उन्हाने कोमट होऊन टाकीत दिवसेंदिवस पडून राहतं. म्हणून क्लोरिनने धुण्याचा नियम आपल्याला जास्तच लागू आहे.

आणि ज्यांना कधी ट्रेलरमध्ये झोपायचं नाही, त्यांच्याही घरात हाच प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत आपण सगळे पाइप भिंतीत गाडले. दिसायला छान, पण फरशीखाली, टाइल्समागे कुठे कुठे जोड आहेत हे घरमालकाला ठाऊक नसतं. नवं घर किंवा नवी न्हाणी बांधत असाल, तर भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवा आणि जोड भिंतीबाहेर, हाताशी ठेवायला सांगा. प्लंबरचे चार शब्द ऐकावे लागतील, थोडा पाइप जास्त लागेल, लागू द्या.

जुन्या घरात राहत असाल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवा. घराचं पाणी बंद करणारा मुख्य व्हॉल्व्ह शोधा. तो फिरतो का बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह हमखास अडकतो आणि ऐन वेळी दगा देतो. मग घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा, तो दाखवा आणि एकदा स्वतःच्या हाताने बंद करायला लावा.